दहाव्या मजल्यावरून खाली, दाढेसकट

दाढ वाचली.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. कारण सोमवारी सकाळी दहा वाजता लिफ्टवाला दातांच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढत होता, तेव्हा दाढेचं काही खरं नव्हतं आणि त्याच्या थोरल्या बहिणीने त्याची कॉलर मागून घट्ट धरलेली होती.

"ताई, सोड. लोक बघतायत."

"बघू देत. गेल्या खेपेला हेच म्हणालास आणि बाथरूमच्या खिडकीतून गेलास."

त्याच्याही आधीच्या खेपेला तो गळ्यातल्या कागदी रुमालासकट बसस्टॉपवर जाऊन उभा राहिला होता. तिथे एका गृहस्थांनी "जेवण चांगलं होतं का?" अशी चौकशीही केली होती. लिफ्ट दुरुस्त करता करता बारा मजली शाफ्टमध्ये तिच्याच टपावर उभा राहून डबा खाणारा हा माणूस, पण दातांची खुर्ची मागे कलली की त्याचे पाय आपले आपण दाराकडे निघत.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "आज रूट कॅनाल पूर्ण झालं तर दाढ राहील. तिसऱ्यांदा पळालात तर वाचवायला काही उरणार नाही, उपटावीच लागेल."

आणि ही दाढ साधीसुधी नव्हती. दोन्ही हात तारांमध्ये अडकलेले असताना स्क्रू धरायची जागा तीच, खालची उजवी. दाढ खराबही त्यानेच झाली होती, पण कामाच्या माणसाला कोण दोष देतो?

तेव्हा आज तयारी होती. ताईने एका शिबिरात ध्यान शिकून ते त्याला शिकवलं होतं. शिबिरातल्या बाईंनी समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आणायला सांगितलेलं. लिफ्टवाल्याने आठ दिवस प्रामाणिकपणे आणला. त्याची तक्रार एकच होती, की वाळूत शिडी टेकत नाही. शेवटी ताई वैतागून म्हणाली, "मरू दे तुझा समुद्र. डोळे मीट आणि लिफ्टमध्ये बस. दहाव्या मजल्यावरून हळूहळू खाली ये. तळमजल्यावर पोचलास की शांतच शांत."

हे मात्र त्याला पहिल्याच दिवशी जमलं.

खुर्ची कलली. डॉक्टरीणबाईंनी भुलीचं इंजेक्शन दिलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "दुखलं की डावा हात वर करा, मी लगेच थांबेन." त्याने मान हलवली, पण ती लिफ्टचं दार नीट लागलं की नाही हे बघण्यासाठी. तो केव्हाच दहाव्यावर होता.

नवव्या मजल्यावर भीती आत शिरायला लागली. त्याने तिला भिंतीवरची पाटी दाखवली, 'क्षमता सहा व्यक्ती', आणि जिन्याने यायला सांगितलं. ती गेली. आठवा, सातवा. मोटर छान गुणगुणत होती. बेअरिंग जरा कोरडं वाटत होतं, पण ते सोमवारी कुणाचं नसतं? 'सगळं ठीक, चालू दे' म्हणून त्याने सवयीने डावा हात वर केला.

मोटर बंद पडली.

"दुखतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. उत्तर आलं नाही. सातव्या आणि सहाव्याच्या मधून येणार कसं? त्यांनी थोडी भूल वाढवली आणि पुन्हा मशीन लावलं. लिफ्ट सुरू झाली. लिफ्टवाल्याला बरं वाटलं, त्याने हात वर केला. मशीन थांबलं. पुन्हा भूल. पुन्हा मशीन. पुन्हा हात. असं चार वेळा झालं. जीभ गेली, गाल गेला, आता कानाची पाळीही रजेवर निघाली होती. पण लिफ्टवाला शांत होता. अडकलेल्या लिफ्टमध्ये घाबरायचं नसतं, हे त्याने आयुष्यभर लोकांना बाहेरून ओरडून सांगितलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि दार उघडून ताईला म्हणाल्या, "माझा नाइलाज आहे. यांना सहनच होत नाहीये. याहून जास्त भूल मी देणार नाही. दाढ काढून टाकू."

"ओरडला का?"

"नाही. हात वर करतात सारखा."

ताई ताडकन उठली. "अहो डॉक्टर, हात वर म्हणजे 'चालू दे'! शाफ्टमध्ये बोललेलं ऐकू येत नाही. पंधरा वर्षं आम्ही दोघं लिफ्टा दुरुस्त करतो; तो टपावरून हात वर करतो आणि मी वरच्या मशीनरूममधून लिफ्ट चालवते."

"आणि थांबवायचं असलं तर?"

"दोनदा ठोकतो."

डॉक्टरीणबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. लिफ्टवाल्याचे डोळे मिटलेले, पाय सैल, चेहरा सुट्टीवरच्या माणसाचा. आणि डावा हात वर, ताठ.

"पळणार नाहीत ना?"

"पळेल कुठे? लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे आहे."

डॉक्टरीणबाईंनी नवे हातमोजे चढवले. पुढची चाळीस मिनिटं हात वर होता आणि मशीन चालू होतं. कुणी काही ठोकलं नाही. सहावा गेला, पाचवा गेला. चौथ्यावर भीती जिन्यात धापा टाकत बसलेली दिसली. त्याने ओळख दाखवली नाही. तिसरा गेला. दाढेत शेवटचं सिमेंट बसलं, आणि पेशंट काही उठेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नव्यानेच शिकलेल्या भाषेत खुर्चीच्या हातावर ठोकलं. दोनदा.

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली. लिफ्टवाल्याने डोळे उघडले.

"झालं! दाढ वाचली," ताई म्हणाली.

तो काहीतरी बोलला, पण त्याच्या तोंडावर अजून त्याचा ताबा नव्हता. शेवटी त्याने काउंटरवरची अभिप्रायाची वही ओढली आणि उभ्याउभ्या लिहिलं:

"विषय: अर्धवट राहिलेला प्रवास पूर्ण करून मिळणेबाबत.

महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, उपचार मुदतीआधी उत्तम रीतीने संपल्यामुळे अर्जदार दुसऱ्या मजल्यावर अडकला आहे. तरी उर्वरित दोन मजले उतरण्यासाठी सदर खुर्ची, मशीनच्या आवाजासह परंतु विनाउपचार, पंधरा मिनिटे उपलब्ध करून द्यावी. तोपर्यंत बाथरूमची खिडकी बंद ठेवण्यास अर्जदाराची हरकत नाही. कळावे."