दुसरी पुडी

"एक पुडी तुही. अन् दुसरी कोनाची?" आशाबाईने विचारलं.

समाजमंदिराच्या ओट्यापुढे पोचू उभा होता, पँटचे दोन्ही खिसे उलटे बाहेर आलेले, आणि पायाशी खर्र्याच्या दोन पुड्या पडलेल्या. खर्रा ताजा घोटलेला होता. सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा तो ओलसर वास पार ओट्यापर्यंत येत होता.

"सांग ना बे! तोंडात दही जमलं काय?"

"दोनी माह्याच व्हय," पोचू पुटपुटला.

"तुह्या? अरे, तू अर्धी खाऊन अर्धी बांधून ठेवनारा चिंगूस मानूस. तू एका टायमाले दोन घेशीन?"

पाठीमागच्या बाया हसल्या. पोचूची बायको मात्र हसली नाही. ती खांबाला टेकून, पदराचं टोक दातात धरून उभी होती. पोचूने एकदाच मान वर केली आणि ओट्यावर मधल्या खुर्चीत बसलेल्या कुंताकडे पाहिलं. कुंता महिला मंडळाची अध्यक्ष, आणि नात्याने त्याची वहिनी. त्याने पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

ती नजर कुणाच्या लक्षात आली की काय, म्हणून कुंताने चटकन बायांकडे पाहून घेतलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. दुसरी पुडी तिची होती.

खर्र्यावर बंदी आणणारी गावात दुसरीतिसरी कुणी नव्हती, हीच कुंता होती. तिचा नवरा केवळराम तोंडाच्या कॅन्सरने गेला. शेवटी शेवटी त्याचं तोंड इतकंसं उघडायचं की त्यातून चमचासुद्धा आत जाईना. कापसाच्या बोळ्याने तिने त्याला पेज पाजली होती. तेरवी झाली आणि कुंता उठली. तिने पानठेलेवाल्यांपुढे दातांच्या कण्या केल्या, बाया जमवल्या, भांडली, शिव्या खाल्ल्या, पण गावातले ठेले बंद करूनच थांबली. दंडाचा नियमही तिनेच सुचवला. "पैशाचा दंड ठेवान तं लोक पैसे भरतीन अन् खर्रा खातीन," ती म्हणाली होती. "वाटा काटा. मंग पाहू."

वाटा म्हणजे मासोळीचा. गाव ढिवरांचं, मासेमारांचं. मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, सगळे मिळून जाळं टाकतात, आणि निघालेली मासोळी काठावर घराघराच्या वाट्यांनी मांडतात. ज्याच्याजवळ खर्रा सापडेल त्याला पुढच्या मोठ्या जाळ्याचा वाटा नाही. आख्खं गाव काठावर उभं असताना एकट्याने रिकामी टोपली घेऊन घरी जायचं. पैसा गेला तर माणूस विसरतो, हे कोण विसरेल?

मागच्या वर्षी आशाबाईच्या मुलाला, श्रावणला पकडलं होतं. तेव्हा तिची लेक बाळंतपणाला आली होती आणि तिला मरळीचे डोहाळे लागले होते. आशाबाईने पदर पसरला, "पोरीपुरती एक मरळ दे वो." कुंता बधली नाही. नेम तो नेम. त्या दिवसापासून आशाबाई मंडळात यायची, सगळ्यांत पुढे बसायची, पण कुंताशी एक शब्द बोलायची नाही.

आणि आज कुंता त्याच खुर्चीत बसली होती. जीभ आतून पेटल्यासारखी झाली होती, टाळूला चिकटली होती.

हे सगळं सुरू झालं ते पाळी गेल्यावर. आधी अंगातून वाफा निघायच्या, मग झोप गेली, आणि मग तोंड. कढत चहाने जिभेचा शेंडा पोळावा तसं व्हायचं, फक्त पोळलेलं दोन दिवसांत बरं होतं आणि हे जातच नव्हतं. सकाळी उठल्यावर बरं असायचं. दिवस चढेल तशी आग चढायची, आणि संध्याकाळी तर ओठांनासुद्धा कुणी मिरची चोळली की काय असं वाटायचं. तोंडाला पाणी नाही. भाताचा घास घशाखाली उतरेना. पितळी भांड्यात ताक राहिल्यावर येते तशी एक कसनुशी चव चोवीस तास जिभेवर. आरशापुढे मोबाइलची बत्ती धरून ती आ करून पाहायची. फोड नाही, चट्टा नाही, काही नाही.

घरात सून पायल. मुलगा भूपेश माजरीला कोळसा खाणीत कामाला, आठवड्यातून एकदा यायचा, त्यामुळे घरात या दोघीच. पायल कोरपन्याची, तिच्या हाताला तिखट जास्त. ती रोज हौसेने रस्सा करायची आणि कुंता रोज पाण्यात भात कालवून खायची. पोरगी विचारायची, "आत्या, आज बी नाई घेत?" कुंता म्हणायची, "भूक नाई." पोरीचं तोंड एवढंसं व्हायचं. कुंताला ते दिसायचं आणि तरी ती बोलायची नाही.

बोलणार तरी काय? केवळरामचंही असंच सुरू झालं होतं. "तोंड जळते वो," एवढंच तो म्हणाला होता. तेवढ्यावरून दवाखान्यात गेले आणि तिथून तो माणूस माणसासारखा परत आला नाही. आपल्यालाही तेच झालं, हे कुंताने मनाशी ठरवून टाकलं होतं. आपण कधी चिमूटभर तंबाखू खाल्ली नाही, मग आपल्याला कसं होईल, हा प्रश्नही तिने स्वतःला विचारला नाही. माणूस घाबरला की असाच वेडा होतो.

पोचूने एकदा बांधावर तिला कोरड्या ओठांवरून जीभ फिरवताना पाहिलं. "वयनी, सुपारी चघळ ना. पानी सुटते तोंडाले." बिचाऱ्याने चांगल्या मनानेच सांगितलं. सुपारीने खरंच पाणी सुटलं. मग सुपारी पुरेना. मग एक दिवस खर्र्याची चिमूट. तोंड सुन्न झालं, आणि कित्येक महिन्यांनी तिला घटकाभर तोंडाची आठवण राहिली नाही. पुढचे दोन तास दुप्पट आग झाली, तरी त्या घटकाभरासाठी ती गोठ्यामागे जाऊ लागली. पोचू बाहेरगावच्या ठेल्यावरून पुडी आणायचा, गवताच्या भाऱ्यात खोचून ठेवायचा. एका शब्दाने कधी विचारलं नाही, की वयनी, हे काय करून राह्यली तू.

"दोनी त्याच्याच तं त्याच्याच," गुणवंतराव म्हणाले. जाळ्याचे वाटे घालणारे म्हातारे तेच. "परवा मोठं जाळं हाये. पोचूचा वाटा कटला. कुंताबाई, तू एकडाव सांगून दे, मंग उठू."

रीतच तशी होती. अध्यक्षाने तोंडाने म्हणायचं, "वाटा कटला." दोन शब्द. म्हटले की सुटली. पोचू मेला तरी बोलणार नाही, हे तिला माहीत होतं, आणि त्यामुळेच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने तोंड उघडलं. जीभ सुटेना. ओठ नुसते हलले.

"पानी," ती कशीबशी म्हणाली.

कुणीतरी तांब्या दिला. ती प्याली, थांबली, पुन्हा प्याली. सगळे वाट पाहत होते. खांबापाशी पोचूची बायको डोळे पुसत होती. कुंताने तांब्या खाली ठेवला.

"दुसरी माही व्हय," ती म्हणाली.

एकजण फिसकन हसला. त्याला वाटलं, अध्यक्षबाई दिराला टोमणा मारतेय. मग कुंताचा चेहरा पाहून त्याचंही हसू गेलं.

"वयनी, ऱ्हाऊ दे ना वो," पोचू कळवळला.

"तू गप ऱ्हाय. सहा महिने झाले, मीच याच्या हातानं मागवतो. माही व्हय ते पुडी."

आता आशाबाई उठली. वर्षभर कुंताशी न बोललेली बाई, पण तिचा आवाज फुटला तो थेट रस्त्यापर्यंत गेला. "वा वो बाई! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपन कोरडे पाषान! माही पोरगी पोटुशी होती, तिले एक मरळ नाई देल्ली तुनं! नेम मने! अन् तू चोरून खर्रा खाय? ज्यानं तुहा नवरा नेला तोच?"

"हाव," कुंता मान डोलावून म्हणाली.

"हाव काय? काऊन पन?"

"तोंड जळते." कुंताला आता आवरेना. सगळ्या गावासमोर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "रात ना दिवस जळते. त्यायचं झालं तेच मले झालं. मले मालूम हाये. मंग खाल्लं काय अन् नाई खाल्लं काय!"

आशाबाई दोन पायऱ्या चढून वर आली. कुंताला वाटलं, आता ही मारते. तिने मारलं नाही. तिने पोलक्यातून मोबाइल काढला, बत्ती लावली आणि कुंताची हनुवटी धरली.

"आ कर."

"काय वो..."

"कर मनतो ना!"

ओट्यावर, साऱ्या बायामाणसांसमोर कुंताने आ केला. आशाबाईने गाल ओढून पाहिले, जीभ उचलून पाहिली. "इथी तं काईच नाई," ती म्हणाली. मग बत्ती विझवून, आवाज जराही कमी न करता तिने विचारलं, "पाळी कवा गेली तुही?"

पुरुषांच्या माना एकदम कडुलिंबाकडे वळल्या. गुणवंतरावांनी खोकल्याचं निमित्त काढलं. कुंताला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"सांग ना वो! का मेल्यावर सांगशीन?"

"दोन वर्स होतीन."

"अन् सकाळी बरं ऱ्हायते. दिवस कलला का मिरची लावल्यावानी. पानी पेलं का घडीभर बरं. अन् चव पितळीवानी."

कुंता तिच्याकडे बघतच राहिली. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

"माह्यं बी जळे," आशाबाई म्हणाली. "दोन पावसाळे जळलं. नवऱ्याले सांगतलं नाई, पोरीले सांगतलं नाई. मले वाटे, कोनी करनी केली माह्यावर. मंग आपोआपच कमी झालं." मागच्या बायांमध्ये कुजबुज झाली. एक म्हातारी हळूच म्हणाली, "बाप्पा, माह्यं बी होतं." आशाबाईने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. "पन मी डाक्टर नोहो. उद्या दवाखान्यात जाऊ."

"अन् वाट्याचं?" गुणवंतरावांनी चाचरत विचारलं.

आशाबाईने वळून पाहिलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर दया होती आणि राग होता, दोन्ही होतं. "वाटा कटन," ती म्हणाली. "दोघायचा बी."

"पोचूचं जाऊ द्या," कुंता म्हणाली. "त्यानं माह्यापायी..."

"एक पुडी त्याची व्हयच ना? नेम तुनंच केला." आणि पुन्हा तिचा आवाज भरून आला. "माह्या पोरीले मरळ भेटली नवती वो."

कुंता खुर्चीतून उठली, ओट्यावरून उतरली आणि इतर बायांमध्ये सतरंजीवर बसली. त्या खुर्चीत ती पुन्हा बसली नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होती. तिने तोंड नीट तपासलं, मान चाचपली, रक्त काढायला लावलं. "कॅन्सरचं काही दिसत नाही, बाई," ती म्हणाली. "पाळी गेल्यावर काही जणींची लाळ कमी होते, तोंडात अशी आग होते. वरून काही दिसत नाही, पण आग खरी असते. रक्तात साखर किंवा काही कमी आहे का, तेही पाहू. घोट घोट पाणी पीत राहा, तिखट नि कढत बंद. खर्रा तर हातात धरू नका. आगीवर रॉकेल ओतत होत्या तुम्ही."

"कवा जाईन हे?"

"काहींचं महिन्यांत जातं, काहींना वर्षं लागतात. कमी होतं. पंधरा दिवसांनी दाखवायला या."

बाहेर बाकावर कुंता बसून राहिली. आपण मरत नाही, याचा आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप, आणि तोही स्वतःचाच. ज्याने केवळरामचं तोंड कुजवलं ते आपण आपल्या हाताने तोंडात घातलं, विचारलं नाही, पुसलं नाही. आशाबाई औषधाच्या रांगेत होती; शेजारी पायल बसली होती, तीही सोबत आली होती.

"मले वाटे, माह्या हातचं तुमाले आवडत नाई," पायल म्हणाली. "मी आईले फोनवर सांगून रडलो बी."

"तुह्या हातचं चांगलं हाये वो," कुंता म्हणाली. "वासानंच कळते. सांगाची अक्कल मले नवती." मग तिने पोरीच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि एक घोट प्याली.

दुसऱ्या दिवशी मोठं जाळं पडलं. कुंता सगळ्यांबरोबर दोरी ओढायला गेली. जाऊ नको, असं पोचूच्या बायकोने सांगून पाहिलं होतं. "दंड वाट्याचा हाये, कामाचा नोहे," म्हणून कुंता गुडघाभर चिखलात उभी राहिली. पोचूही होता, तिच्याच मागे. मासोळी चांगली निघाली. रोहू, मरळ, झिंगे, काठ नुसता चमकत होता. उन्हं वर येत होती आणि तोंडातली आग नेमाने चढू लागली होती.

गुणवंतरावांनी पळसाच्या पानांवर वाटे मांडले. घरोघरचे लोक टोपल्या घेऊन बसले. म्हातारा एकेक नाव घ्यायचा, माणूस उठायचा, वाटा उचलायचा. पोचूचं घर आलं तेव्हा तो आठवणीने ते सोडून पुढे गेला. पोचूने मान खाली घातली.

पण पुढे सवयीने म्हाताऱ्याच्या तोंडून निघून गेलं. घर चालत आलं होतं त्याच नावाने, माणूस गेला तरी तलावावर नाव तेच होतं.

"केवळराम."

म्हाताऱ्याने जीभ चावली. आशाबाई टोपली छातीशी धरून पाण्याकडे पाहत राहिली. कुंता उठून उभी राहिली. जीभ टाळूला चिकटली होती. तिने बाटलीतून एक घोट घेतला, तो तोंडात फिरवला आणि गिळला.

"पुढचं नाव घ्या, भाऊ," ती म्हणाली.

गुणवंतरावांनी पुढचं नाव घेतलं.