जयवंतने बांधलेलं इंजिन

संपात मिलमधली फिटरची नोकरी गेल्यापासून जयवंत धाकट्या भावाच्या, धाकूच्या ट्रकवर होता. धाकू चालवायचा, जयवंत माल उतरवायचा, गाडीची देखभाल करायचा. चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये मुलुंडजवळच्या चढावर ट्रकने निळा धूर ओकला आणि तो भरलेल्या विटांसकट जागीच बसला.

"वाट लागली," धाकू म्हणाला. "कुर्ल्याहून जुनं इंजिन आणून बसवू. दोन दिवसांत गाडी रस्त्यावर."

"दुसऱ्याचं दुखणं कशाला आणतोस? आधी हे खोलून बघू."

घाटकोपरला, चाळीमागच्या मोकळ्या जागेत जयवंतने इंजिन उतरवलं. पिस्टनच्या रिंगा तुटल्या होत्या, सिलिंडरचे लायनर झिजले होते; पण ब्लॉकला कुठे तडा नव्हता. त्याने रॉकेलने धुऊन दोनदा खात्री केली.

"मी बांधतो हे," तो म्हणाला.

"दादा, तू मिलचा फिटर. ही सुताची मशीन नाय."

"लोखंड ते लोखंड रे."

धाकूने उघड्या इंजिनाकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं. बांध."

पुढचा महिनाभर जयवंत जेवायलाही हाकेशिवाय उठत नव्हता. क्रँक लेथवाल्याकडून घासून आणला तेव्हा स्वतः तिथे उभा राहिला. "दोन वर्षांनी शीळ घालताना ऐकलं यांना," त्याची बायको जानकी जावेला, नलिनीला म्हणाली. नलिनी तांदूळ निवडत राहिली.

इंजिन पहिल्याच सेल्फला लागलं. भरला ट्रक मुलुंडचा तोच चढ न कुरकुरता चढला. "झकास, दादा!" धाकू म्हणाला. शेजारी बसलेल्या जयवंतने खिडकीबाहेर तोंड फिरवलं; त्याचे डोळे भरून आले होते.

मे महिन्यात गावी चुलते वारले. तेरावं आटपून जयवंत आणि जानकी परतले, तर चाळीमागे गाडी नव्हती. जयवंतला वाटलं, फेरीवर असेल. नलिनीने चहा पुढे ठेवला आणि खाली बघत सांगितलं, "भावोजी, गाडी विकली."

धाकू घरातच होता. "कंपनीत ड्रायव्हर लागलो, पर्मनंट," तो म्हणाला. "जुन्या गाडीवर किती वर्षं काढणार?"

"गिऱ्हाईक कुठलं?"

"देवनारचं. इंजिन खोललेलं होतं, तू लेथवाल्याकडे होतास, तेव्हाच येऊन गेलेलं. चालू झालं की घेतो म्हणालेलं."

"म्हणजे मी बांधत होतो, तेव्हाच तुझं ठरलं होतं?"

धाकू दाराबाहेर बघू लागला.

"आणि माका एक शब्द सांगूक जमाक नाय तुका?" संतापला की जयवंतच्या तोंडी गावची बोली यायची.

"सांगितलं असतं तर एवढं चांगलं बांधलं असतंस?"

जानकीने नवऱ्याचा दंड धरला. तिला वाटलं, तो हात उगारेल. तो चहा तसाच टाकून उठला.

पंधरा दिवसांनी तो भांडुपच्या एका गॅरेजमध्ये काम मागायला गेला. मालकाने वरपासून खालपर्यंत बघितलं. "मिलवाला ना? गाडीचं इंजिन कधी बांधलंय?"

"बांधलंय. ट्रकचं. पूर्ण."

"कुठाय गाडी? दाखव."

जयवंतला देवनारच्या त्या माणसाचं नावही ठाऊक नव्हतं. धाकूला विचारता आलं असतं. जयवंत म्हणाला, "आता नाहीये."

"सगळे असंच सांगतात," मालक म्हणाला, आणि रॉकेलची बादली त्याच्याकडे सरकवली. "पार्ट धुवायला बस. जमलं तर बघू."

जयवंतने बाह्या वर केल्या आणि बसला.