तेलाने न गेलेला रंग

"हलू नको रे मेल्या," म्हणत शाळेच्या स्वयंपाकघरात प्रेमलताने तळव्यावर खोबरेल घेतलं आणि स्वरूपच्या कपाळावर चोळलं. शूटिंगवाल्यांनी रंगवलेली जखम विरघळली. तिचा नवरा दशावतारात राक्षसाचं सोंग घ्यायचा, त्यामुळे रंग कसा उतरवायचा हे तिला पाठ होतं. मग तिने दंडावरच्या निळ्या डागाला हात घातला. डाग गेला नाही. स्वरूप कळवळला.

"ह्यो रंग न्हय. कोणी मारल्यान?"

"पडलंय, मावशे."

बोलताना त्याने दाराबाहेर उभ्या विराजकडे पाहिलं आणि मान खाली घातली. प्रेमलताच्या मनात पाल चुकचुकली.

शाळेत सिनेमाचं शूटिंग चालू होतं. वर्गातल्या एका मुलाला बाकीचे कसे छळतात, त्याची गोष्ट. सातवीतला स्वरूप मार खाणारा, विराज मारणारा. विराज तोंडवलीच्या रापण ओढणाऱ्या मच्छीमाराचा मुलगा, अंगाने आडदांड. मुलांचं जेवण रांधता रांधता प्रेमलता त्याच्यावर नजर ठेवू लागली. तो स्वरूपला चिकटून बसला की तिला वाटे, धमकी देतोय. त्याने आपल्या ताटातलं अंडं स्वरूपला दिलं, तेव्हा तर तिची खात्रीच पटली. तोंड बंद ठेवायची लाच!

"शिरा पडो तुझ्या हातार!" ती भर पंगतीत ओरडली. "परत ह्येका हात लावलंस तर बघ!"

"राक्षस रे राक्षस!" मुलं ताटं वाजवू लागली.

विराज उठला. ताट तसंच ठेवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही.

त्याच्या जागी शूटिंगवाल्यांनी वर्गातल्या अनिशला उभं केलं. प्रेमलता पाण्याची कळशी घेऊन व्हरांड्यात आली, तेव्हा दिग्दर्शक अनिशला हळू आवाजात सांगत होता, "खोटं खोटं नको. स्वरूपला कठड्यावर आपट. तो विराज ढकलायलाच तयार नव्हता, शेवटी मलाच ढकलावं लागलं."

प्रेमलताने कळशी खाली ठेवली. सरळ कॅमेऱ्यासमोर जाऊन तिने स्वरूपचा हात धरला.

"कट! अहो बाई, मध्ये कशाला येता?"

"येतलंय. काय करशात?" मग ती स्वरूपकडे वळली. "आधी कित्या सांगूक नाय?"

"शूटिंगवाले सर म्हणाले, बोललास तर सिनेमातसून काढतलंय. विराज म्हणत होतो, मुख्याध्यापकांका सांगूया. मीच नको म्हटलंय."

स्वरूपला मुख्याध्यापकांसमोर उभं करून, सगळं त्यांच्या कानावर घालून ती विराजच्या घरी गेली. तो अंगणात मासळी निवडत होता.

"चुकलंय रे बाबू. चल शाळेत. सगळ्यांसमोर सांगतंय."

तो उठला. हात धुऊन तिच्यासोबत निघाला. वाटेत, त्या दिवशी पंगतीत बसलेली पहिलीतली गौरजा पाटी घेऊन येत होती. विराज दिसताच ती पळत येऊन प्रेमलताच्या लुगड्यामागे दडली.

"गो, काय करणा नाय तो," प्रेमलता म्हणाली.

गौरजाने लुगडं सोडलं नाही. विराज क्षणभर थांबला. मग रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने चालू लागला.