चौथं मैदान

तीन मैदानं अर्ध्या तासात ठरली. चौथ्यावर तीन संध्याकाळी खर्ची पडल्या.

दातांच्या निवृत्त डॉक्टरांच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता. चार दिवस, एक गाडी आणि तीन गोल्फवेडे: डॉक्टर, त्यांच्या जुन्या दवाखान्याखालचा औषधवाला आणि डॉक्टरांचा मेहुणा. मेहुण्याने जन्मभर जमिनी मोजल्या होत्या, त्यामुळे जमिनीच्या कुठल्याही तुकड्याबद्दल शेवटचा शब्द आपलाच, अशी त्याची खात्री होती.

“चौथं मैदान कड्यावरचंच!” तो टेबलावर थाप मारत म्हणाला. “इकडे आपण, मधे दरी, पलीकडे झेंडा. दाजी, छातीचं काम आहे!”

डॉक्टरांचा उजवा गुडघा नुसत्या वर्णनानेच ठणकला. त्यांना हवं होतं नदीकाठचं मैदान. नऊच होल, जमीन सपाट, जागोजागी बाकं. पण बायकोच्या धाकट्या भावापुढे गुडघा कबूल करायचा म्हणजे त्याला जन्मभर पुरेल एवढी करमणूक. “बघू,” ते म्हणाले. औषधवाल्याने फक्त मुक्कामाला गाद्या कशा आहेत ते विचारलं.

“मतं चिठ्ठीवर लिहा,” आतून ताटं घेऊन आलेल्या बायकोने फर्मावलं, “आणि टेबल मोकळं करा.”

तिनेच चिठ्ठ्या उघडल्या. “नदीकाठ. नदीकाठ.” तिसरी तिने दोनदा वाचली. “नदीकाठ.”

सगळ्यांनी मेहुण्याकडे पाहिलं.

“तुमच्या गुडघ्यासाठी, दाजी. जिना उतरताना कठडा धरता, ते काय मला कळत नाही?”

डॉक्टरांना एकदम भरून आलं. आपण या माणसाला उगाच आडमुठा समजत होतो, असं त्यांना मनापासून वाटलं.

वाटेत नदीकाठचंच मैदान पहिलं लागत होतं. मेहुण्याने पहिलाच फटका सणसणीत हाणला, ऐटीत काठी खांद्यावर टाकली आणि विचारलं, “कसा वाटला?”

“मधोमध!” डॉक्टर म्हणाले.

तो तरातरा पुढे गेला, पाय रोवले, नेम धरला आणि दणका दिला. पांढरे तुकडे उडाले.

“बॉल फुटला!”

औषधवाल्याने वाकून पाहिलं. “ही अळंबी आहे.”

मेहुणा बाकावर जाऊन बसला. “मोतीबिंदू,” तो म्हणाला. “दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली. दोनदा सर्दी झालीय म्हणून कळवलं.”

“मग कड्यावरच्या मैदानाचा हट्ट कशाला?”

“मी सोपं मैदान मागितलं असतं, तर तुम्ही कारण विचारलं असतं.”

औषधवाल्याचा चेहरा पडला. “सकाळपासून गाडी कोण चालवत होतं?”

“रस्ता रुंद होता.”

औषधवाल्याने हात पुढे केला. मेहुण्याने खिशातून किल्ल्या काढून त्यावर ठेवल्या.

डॉक्टर त्याच्याशेजारी बसले. “हे बघ, अजिबात दुखत नाही.”

“माझी दाढ काढतानाही तुम्ही हेच म्हणाला होतात.”

“तेव्हा खोटं बोललो होतो.”

“आणि आता?”

“आता मी करणार नाहीये. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा हात हलका आहे.”

मेहुण्याला हसू आवरेना. मग त्याने तिथूनच बहिणीला फोन लावला. पलीकडून जे बोलणं सुरू झालं, ते त्याने फोन कानापासून वीतभर लांब धरून ऐकलं. ते संपलं तेव्हा त्याची तारीख पुढच्या गुरुवारची ठरली होती.

सहल मात्र कुणी मोडली नाही. गाडी औषधवाल्याची, नजर डॉक्टरांची, फटके मेहुण्याचे. “जरा डावीकडे... अजून... हाण!” असं करत चारही मैदानं पार पडली आणि तिघांत पहिला आला तो मेहुणा. झुडपांत गेलेले त्याचे काही बॉल मोकळ्या गवतात कसे सापडले, याचा औषधवाल्याला अजूनही संशय आहे. डॉक्टरांनी काहीही कबूल केलेलं नाही.

गुरुवारी ऑपरेशनच्या खोलीबाहेर डॉक्टर वर्तमानपत्र घेऊन बसले. तासाभरात त्यांनी एकही पान उलटलं नाही. शेवटी दार उघडलं आणि डोळ्यावर पट्टी बांधलेला मेहुणा नर्सच्या आधाराने बाहेर आला.

“दुखलं का?” डॉक्टरांनी उठून विचारलं.

“नाही हो,” तो जरा नाराजीनेच म्हणाला. “उगाच घाबरलो आठ महिने.”

आणि त्याने डॉक्टरांचा हात धरला तो गाडीपर्यंत सोडला नाही.