आधी जखम, मग गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. कापसाची नव्हे, काथ्याची नव्हे. माझ्या पोटात नुसता वारा. सध्या एका रुग्णालयात, मोठ्या सिस्टरांच्या टेबलामागच्या लोखंडी कपाटात मी घडी होऊन पडले आहे. दाराला कुलूप आहे. दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं.

कारखान्यात रबरी नळ्या शेजारी शेजारी चिकटवून मला घडवलं आणि एका छोट्या पंपाशी माझी गाठ बांधली. पंप घुरघुरला की एकाआड एक नळ्या फुगतात आणि मधल्या सैल पडतात. थोड्या वेळानं सैल नळ्या फुगतात, फुगलेल्या विसावतात. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याची पाठ एकाच जागी दबत राहते. तिथली कातडी आधी लाल होते, मग फुटते, मग जखम खोल जाते. ती होऊ नये म्हणून पाठीखाली हळूहळू श्वास घेत राहायचं, एवढंच माझं काम.

ते मी जीव लावून केलं. किती पाठी आल्या आणि धडधाकट घरी गेल्या! मला पुसता पुसता कक्षातल्या मावशी गुणगुणायच्या,

वाऱ्याची गं माझी गादी, वारा भरला नळीत
पाठ निजली सुखानं, जशी पाकळी कळीत

मग दिवस फिरले. हे रुग्णालय एका आरोग्य योजनेचं. सभासदांनी वर्गणी भरायची आणि आजारपणाचा भार योजनेनं उचलायचा. खर्च वाढला, तशी कार्यालयानं प्रत्येक गोष्टीला परवानगी लावली. हवेची गादी खरोखर गरज असलेल्यालाच मिळेल, असा नियम झाला. खरोखर गरज म्हणजे काय? तर जखम झालेली दिसली पाहिजे. त्या दिवशी मी कपाटात गेले.

पुढे गुणवत्ता वाढावी आणि खर्च आटोक्यात राहावा म्हणून अभ्यास सुरू झाला. त्यासाठी एक तरुण बाई आल्या. मावशींनी त्यांचं नाव पाडलं आकडेताई. बिचाऱ्या मान मोडून काम करायच्या. त्यांच्या आकड्यांत दिसलं की हवेच्या गादीवरच्या रुग्णांना जखमा जास्त आणि त्यांचा मुक्कामही लांबतो. म्हणून या गाद्या मोडीत काढाव्यात, असा निष्कर्ष निघाला. कपाटात मी ऐकलं आणि माझ्यातला उरलासुरला वाराही निघून गेला. भिजलेल्यांच्याच हातात छत्री द्यायची आणि मग म्हणायचं, छत्रीमुळे माणूस भिजतो!

त्याच सुमारास खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी आल्या. आयुष्यभर शिवणकाम केलेलं. हाड ताणून धरायला पायाला वजन बांधलेलं, स्वतःहून हलायची सोय नाही. दिवसभर लेकीला सांगायच्या, "मशीनवर कापड टाकून ठेव गं, धूळ बसेल. मी आलेच."

एकदा त्यांना कुशीवर वळवताना मावशी थबकल्या. "सिस्टर, जरा बघता का?"

त्यांच्या बोलण्यावरून कळलं, कमरेखाली कातडी लाल झाली होती. बोटानं दाबलं तरी लाली हटेना. मोठ्या सिस्टरांनी तिथूनच कार्यालयाला फोन लावला. मला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं.

"जखम? नाही, अजून नाही. अहो, तेच तर सांगतेय... म्हणजे व्हायची वाट बघू? मग मीच नखानं ओरखडू का, साहेब?"

फोन आपटला.

"काय म्हणाला गं तो?" आजींनी विचारलं.

"म्हणाला, अजून पिकला नाहीत."

"अगं बाई! मी काय पेरू आहे?" आजी हसल्या. लेक मात्र हसली नाही. "सिस्टर, कपाटात गादी पडलीये ना? काढा की! मी कुणाला सांगणार नाही."

"किल्ली माझ्याकडे कुठंय, बाळा? ती कार्यालयातून येते."

मित्रांनो, त्या माझ्यापासून चार हातांवर होत्या. मावशी आणि सिस्टर जमेल तसं त्यांना वळवत राहिल्या, पण माणसं दोनच आणि खाटा पुष्कळ. एका सकाळी मावशींच्या बोटांना चादरीवर ओल लागली. कातडी फुटली होती.

मग परवानगी कशी झटपट आली! कुलूप उघडलं. "मिळाली एकदाची!" लेक आनंदानं म्हणाली. सिस्टरांनी पंप लावला. मी फुगले, पण ती जखम माझ्या अंगावर निखाऱ्यासारखी होती.

गाद्या मोडीत न्यायला आकडेताई आल्या, तेव्हा आजी माझ्यावर निजल्या होत्या.

"लिहा, ताई," सिस्टर म्हणाल्या. "आणखी एक जखम, गादीच्या नावावर."

ताईंचा हात थांबला. "या गादीवर कधी आल्या?"

"जखम झाल्यावर."

"आणि आधीचे सगळे?"

"तेही तसेच. नियमच तो."

ताई खाटेच्या कडेला टेकल्या. "सिस्टर, मी झालेल्या जखमा मोजल्या," त्या हळूच म्हणाल्या. "गादीमुळे ज्या टळल्या असत्या, त्या मोजायला काही उरलंच नव्हतं."

त्यांनी लगेच कार्यालयाशी भांडण मांडलं. अहवाल चुकलाय, मागे घ्या, म्हणाल्या. मला मोडीत काढणं तेवढं थांबलं. नियमाचं मात्र पुढच्या बैठकीत बघू, असं उत्तर आलं. ती बैठक अजून झालेली नाही. ताई दर आठवड्याला विचारायला येतात.

आजी घरी गेल्या, पण फार उशिरा आणि जखमेला पट्टी बांधूनच. खर्च तर किती वाढला! मी पुन्हा कपाटात आले.

आज बाहेर कुणी नवे आजोबा आहेत. सिस्टर फोनवर सांगताहेत, "लाल झालंय हो... नाही, फुटलेलं नाही." मित्रांनो, तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर त्यांची पाठ रोज बघा, हलक्या हातानं कूस बदला, कातडी फुटायची वाट बघू नका. मला इथून बाहेर यायचंय. पण हे दार उघडतं ते कुणाचं तरी अंग फाटल्यावर. म्हणून किल्लीचा आवाज आला की मी मनोमन म्हणते, नको, अजून उघडू नको.