न आटणारं पाणी

मागच्या खोलीत ऊब असायची, म्हणून सोनल लेकीची दुपटी तिथंच वाळत घालायची. मंगळवार पेठेतल्या त्या घरात ऊन यायचं ते नुसतं उंबऱ्याच्या पाया पडून जायला. खोलीत टेबलावर काचेची बरणी, बरणीत पाणी आणि पाण्यात दोन तारा, हुपरीहून चांदीचा मुलामा देऊन आणलेल्या. तिच्या नवऱ्यानं, अरिहंतनं, कॉलेजातली नोकरी सोडली ती या बरणीपायी. आत जाते त्या विजेहून जास्त उष्णता बाहेर येते, असं त्याचं म्हणणं. दुपारी तो शिकवण्या घ्यायला गेला की बरणीतल्या थर्मामीटरचा पारा अचानक चढायचा. त्याहून नवल म्हणजे पाणी आटतच नव्हतं.

गल्लीनं त्याला वेड्यात काढलं होतं. पण शेवटी पुण्याच्या एका कंपनीनं मनावर घेतलं. तीन वर्षांचा सगळा खर्च, वर गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत प्रयोगासाठी शेड. आज त्यांचे साहेब करारावर सही घ्यायला येणार होते.

लेकीला काखेत मारून सोनल दुपटी काढायला गेली, तर सासूबाई बरणीवर वाकलेल्या. हातात तांब्या, तांब्यातून वाफ निघतेय.

"आक्का, काय करताय?"

"काय करतोय? रोजचंच. खाली गेलतं पाणी, घातलं वाईच."

"रोज घालता?"

"व्हय की. जैनाच्या घरात तो कॅनमधलं कच्चं, न गाळलेलं पाणी ओततोय आणि तापवत बसतोय. किती जीव मरत असतील! पाप कुणाला? माझ्याच लेकराला न्हवं? म्हणून तो शिकवणीला गेला की मी माझं गाळून उकळलेलं घालतोय." आक्कांनी आवाज खाली आणला. "त्याला बोलू नकोस हां. यश येतंय त्याला, येऊ दे."

सोनलच्या मनात सगळं जुळलं. दुपारी चढणारा पारा. न आटणारं पाणी. लेक तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढत होती, तेही तिला कळेना.

गप्प बसलं तर? आज सही होईल. कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवेल. पण शिरगावच्या शेडमध्ये आक्कांचा तांब्या पोचणार नव्हता. तिथं पारा चढायचा नाही, आणि आपलं काय चुकलं हे शोधत तो तिथं एकटा झिजेल.

अरिहंत भडंगाचा पुडा घेऊन आला. तिनं त्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि सगळं सांगून टाकलं.

"आक्का? काहीतरीच काय!" तो हसला. हसू अर्ध्यावरच राहिलं. तो मागच्या खोलीत गेला, बरणीला तळवा लावून उभा राहिला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

तेवढ्यात दारात साहेब. अमरसिंह मूळचे इथलेच, आवाज गल्लीभर.

"काय शास्त्रज्ञ, दाखवा की तुमची जादू!"

"जादू न्हाय साहेब. चुकलंय माझं. जास्तीची उष्णता निघतच नव्हती."

अमरसिंह खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "अहो, दहात नऊ संशोधनं असलीच निघतात. आम्हाला माहीत असतंय. सही करा, दोन वर्षं काढा, मग बघू की."

"खोटं म्हणून ठाऊक झाल्यावर कसं काढू?"

"बरं, चूक कसली ते तरी सांगा. वर काय सांगू मी?"

आक्का चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात आल्या होत्या. अरिहंतनं त्यांच्याकडं बघितलं.

"थर्मामीटर," तो म्हणाला. "बिघडलेलं होतं."

साहेब चहा न घेताच गेले. गाडी वळली आणि आक्कांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"एका काचेच्या नळीपायी लक्ष्मी परत धाडलीस? नवं आणता येत नव्हतं? बाप असाच गेला हट्ट करून करून. सोनल, तू तरी सांग की त्याला!"

सोनलनं तोंड उघडलं. अरिहंतनं नुसती मान हलवली, इवलीशी, नको म्हणून. तिनं लेकीला छातीशी, पदराआड घेतलं.

आक्का बोलत राहिल्या. तो खाली मान घालून ऐकत राहिला, शाळेत नापास होऊन आल्यासारखा.