चार बोटं कापड

अंजलीच्या आईने, मनकर्णाने, बाप्तिस्मा घेतला तो बैलांच्या हौदात. ऊसतोडीच्या तळावर, पाचटाच्या कोप्यांच्या मागे. अंजली तेव्हा सहा वर्षांची. आईच्या चपला छातीशी धरून उभी होती.

धोंडीराम पाळक सायकलवरून तळावर यायचे, चुलीच्या उजेडात शुभवर्तमान वाचायचे. पंधरा दिवस ऐकून आईने विश्वास ठेवला आणि लगेच विचारलं, "मग पाणी कवा?"

"सीझन संपू द्या, मनकर्णाबाई. गावी वर्ग घेऊ, मग बघू."

"कामून थांबायचं? हौद तर भरल्याला हाय."

पाळकांना हसू आलं. मुकादम अर्जुनराव मात्र लांबून ओरडला, "मनकर्णे, आता बैलं पितील का ते पानी?"

"पितील की! तुमच्यापरीस शहाणी हायती."

ओलं लुगडं अंगावर वाळवत आईने त्या दिवशीही मोळ्या बांधल्या.

अंजलीने विश्वास ठेवला तो एकोणिसाव्या वर्षी, बीडला कॉलेजात असताना. सुट्टीत गावी, आष्टीला येऊन तिने सांगितलं, तेव्हा आई लगेच उठली. बाजारात जाऊन पांढरं कापड आणलं आणि हाताने पंजाबी ड्रेस शिवला. दोन्ही बाजूंच्या शिलाईत आत चार चार बोटं कापड ठेवलं.

"येत्या रविवारी पाणी घे."

"आई, आधी नीट समजून घेते."

आणि अंजली समजून घेत राहिली. बायबल दोनदा पूर्ण झालं, मग भाष्यं, मग चर्चच्या इतिहासाचे जाड ग्रंथ. एम.ए. झालं, प्राध्यापकी लागली. शंका फारशी नव्हतीच. पाण्यात उतरायचं तर काहीतरी होऊन उतरावं, असं तिला वाटायचं, आणि ते काहीतरी दरवेळी पुढच्या पुस्तकात असायचं.

दर काही वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत आई तिला उभी करून ड्रेस अंगाला लावून बघायची. मग दारात बसून शिलाई उसवायची, बोटभर बाहेर सरकवून पुन्हा टाके घालायची.

"वाचन वाढतंय का पोट गं तुजं?"

"दोन्ही."

"मंग एक तरी थांबीव."

शेवटच्या दिवाळीत तिने ड्रेस उलटा करून दाखवला. "आता आत कापड न्हाई राह्यलं, बघ."

"नवीन आणू की."

आईने सुईत दोरा ओवला नुसता. फेब्रुवारीत ती गेली.

मे महिन्यात अंजलीने घर आवरायला काढलं. ट्रंकेत सगळ्यात वर तो ड्रेस होता. तिने तो अंगात घातला. आईच्या दवाखान्याच्या फेऱ्यांत ती इतकी वाळली होती, की तो अंगावर ढगळ लोंबत होता. आतून पाहिलं, तर जुन्या टाक्यांच्या बारीक भोकांच्या रांगा तशाच होत्या, एकीशेजारी एक. पहिल्या रांगेवर ती बराच वेळ बोट फिरवत राहिली.

मग तिने फोन लावला. "पाळकसाहेब, पाणी कवा?"

पलीकडे धोंडीराम पाळक होते, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. "मे महिना हाय, पोरी. नदी कोरडी, तलाव कोरडा. पाऊस..."

"शेजारी हनुमानकाकांचा हौद भरलेला आहे."

"वाचायचं सगळं झालं का?"

"लई राहिलंय."

"मग?"

"ते नंतर वाचीन."

"उद्या सकाळी येतो."

त्या दुपारी ती दारात आईच्या जागी बसली आणि ड्रेस आत घेतला. नवीन भोकं पाडावी लागली नाहीत. सुई आईच्या भोकांतूनच जात होती. दुसऱ्या रांगेवर तो बरोबर बसला.

सकाळी पाळक काठी टेकत हौदाशी आले. पुस्तक उघडून चष्मा शोधू लागले. हनुमानकाका दोन्ही बैल धरून उभे होते.

"उरका की, पाळकसाहेब. जनावरं तहानल्यात."

चष्मा सापडेपर्यंत अंजली थांबली नाही. तिने चपला काठाशी काढल्या आणि कठडा ओलांडून आत पाय टाकला. पाणी रात्रभराचं गार होतं.